आडव्या बाटलीची रांग

गावातलं दारूचं दुकान राहावं की जावं, यावर आम्हा बायकांचं मतदान होतं. चिठ्ठीवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. पण गावातल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त शिक्के आडवीवर पडायला हवेत. जी मत द्यायला येणार नाही, ती आपोआप दुकानाच्या बाजूची.

दुकानदाराची बायको कलावती डोक्यावर पदर घेऊन रांगेकडं आली.

"आली बघा, नवऱ्याचं दुकान वाचवायला!" गोदाकाकू फणकारल्या.

कलावती थांबली. "काकू, दुकान वाचवायचं असतं तर घरीच बसले नसते का?"

काकू मागं सरकल्या आणि तिला हाताला धरून आपल्या पुढं घेतलं.