चहाचं जहाज

आखातातल्या अल् घुब्रात, मराठी मंडळाच्या एकपात्री स्पर्धेत, हॉलच्या स्टेजवर आठ वर्षांची ज्ञानदा जहाज होऊन उभी होती. कमरेला पुठ्ठ्याची नाव, पाठीवर तीन डोलकाठ्या, जुन्या पडद्यांची शिडं. विंगेत तिची आई शीला सुतळीचं टोक धरून उकिडवी बसली होती. ज्ञानदानं ‘आगबोटी आल्या’ म्हटलं की शीलानं सुतळी ओढायची, गाठ सुटायची, डोलकाठ्या धाडकन खाली. मग आगबोटींमुळे मोडीत निघून बंदरात कोळशाचं कोठार होऊन पडलेल्या जहाजाचं रडवेलं वाक्य, आणि टाळ्या. सगळं घोटून घेतलेलं. गेल्या वर्षी याच स्टेजवरून पोरगी दुसऱ्याच वाक्याला रडत उतरली होती.

“मी जहाज बोलतेय. लाकडाचं. माझा जन्म अठराशे... साठ.”

शीलाचेही ओठ हलत होते.

“चीनचा चहा घेऊन मी लंडनला निघाले. रेस होती! जो पहिला, त्याचा चहा महाग!”

वरच्या एसीचा झोत शिडांत शिरला. शिडं टरारून फुगली. मागून कुणीतरी शिट्टी घातली, तसा ज्ञानदाचा आवाज चढला.

“समोर वादळ! मागे पण वादळ! कॅप्टन म्हणाला, शिडं उतरवायची नाहीत. यल्ला!”

हे ‘यल्ला’, इथल्या अरबीतलं ‘चला’, शीलानं लिहून दिलेलं नव्हतं.

हॉल खदखदून हसला. ज्ञानदा स्टेजभर धावत सुटली. शीला सुतळी सैल सोडत, पुन्हा गोळा करत होती.

“ज्ञानू, आगबोटी!” ती कुजबुजली. “आगबोटी आल्या, म्हण!”

वेळ संपत आल्याची घंटा वाजली. शेवट राहिला तर मार्क कापणार.

“ओढ गं शीला!” स्टेज सांभाळणारी वसईची रेजिना मागून म्हणाली. “टाइम खलास!”

शीलानं सुतळी हाताला गुंडाळली. तेवढ्यात ज्ञानदानं वळून पाहिलं. चेहरा घामानं चमकत होता. तिनं नुसती मान हलवली. नको.

शीलानं सुतळी सोडून दिली.

दुसरी घंटा. परीक्षक दयानंदकाकांनी माइक ओढला. “शाब्बास गं! पण त्या जहाजाचं पुढे काय झालं? शेवट कुठाय?”

ज्ञानदाला धाप लागली होती.

“काका, मी अजून पोचले कुठेय?” ज्ञानदा म्हणाली, आणि शिडं सावरत पुन्हा धावली.