पाचवी सवाष्ण

"वहिनी, कचेरीत त्या म्हातारीशी बोलायचं न्हाई. तिला ऐकू येत न्हाई, आन् घराचं नाव काढलं की रडाया लागती. मंग सायेब तारीख पुढं ढकलत्यात."

सौदा ठरला त्या दिवशी रविराज एजंटानं बजावलेलं प्रतिभाबाईंच्या कानात अजून होतं. म्हणून दौंडच्या रजिस्टर कचेरीतल्या बाकावर त्या धुरपदाबाईंच्या शेजारी मुकाट्यानं बसल्या होत्या.

मार्चअखेर शंकरराव रेल्वेतून रिटायर होणार, क्वार्टर सोडावं लागणार. तीस वर्षं सरकारी छपराखाली काढल्यावर दोन खोल्या आणि मागं तुळशीपुरतं अंगण, असं घर या भावात पुन्हा मिळणार नव्हतं. शंकररावांनी ते बायकोच्या नावावर घ्यायचं ठरवलं होतं. खरेदीखतावर सही प्रतिभाबाईंची. विकणारी धुरपदा, निपुत्रिक विधवा. ओळख पटवायला तिचा दीर खंडू आला होता. तो आणि रविराज खिडकीशी उभे राहून शंकररावांना कागद वाचून दाखवत होते.

शुक्रवार होता. पाच सवाष्णींना कुंकू लावल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायचा नाही, हा प्रतिभाबाईंचा लग्नापासूनचा नेम. चौघी कॉलनीतच झाल्या होत्या. बाकाच्या पलीकडच्या टोकाला एक तरणी पोर लेकराला मांडीवर घेऊन बसली होती. तिला लावावं म्हणून त्यांनी करंडा उघडला आणि हात धुरपदाबाईंच्या समोरून पुढं नेला.

तेवढ्यात धुरपदाबाईंनी डोईवरचा पदर सावरला, डोळे मिटले आणि कपाळ पुढं केलं.

क्षणभरच. मग चटका बसावा तशा त्या मागं सरल्या.

नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली बाई असं कपाळ पुढं करत नाही. प्रतिभाबाईंनी तिच्या हातांकडं पाहिलं. दोन्ही मनगटं मोकळी होती, आणि बांगड्या ओढून काढताना उठलेले ओरखडे अजून ओले होते.

"तुम्ही धुरपदाबाई न्हाई," त्या अगदी हळू म्हणाल्या.

बहिऱ्या बाईनं ते ऐकलं.

"मी शेवंता. खंडूशेठच्या मळ्यात कामाला, कासुर्डीला." तिचे ओठ जेमतेम हलत होते. "माझा धनी जिता हाय वो बाई. सकाळी ह्यांनी कुंकू पुसाया लावलं. अंगठा दे म्हनले, मंग घरी सोडतो."

"आणि त्या? धुरपदाबाई?"

"मळ्यात, कडब्याच्या खोलीत. भाईरनं कुलूप हाय. अंगठा द्याला तयार न्हाई झाली ती. दुपारची भाकर मीच टाकते खिडकीतनं." शेवंतानं रविराज आणि खंडू उभे होते तिकडं पाहिलं. "उद्यापासनं तिची भाकर थापू नको, म्हनलाय खंडूशेठ."

प्रतिभाबाईंनी चिमूटभर कुंकू घेतलं, शेवंताच्या तळहातावर ठेवलं आणि तिची मूठ मिटली.

"आजची भाकर मी नेते," त्या म्हणाल्या. "माझा शब्द हाय."

"काय वहिनी, कसल्या गप्पा?" रविराज हसत हसत पुढं आला. "सांगितलं व्हतं ना म्या?"

"बहिऱ्या बाईशी कसल्या गप्पा? नेमाची पाचवी सवाष्ण राहिलीय. ती लेकुरवाळी पोर उठून गेली. देवीला जाऊन येते, तिथं गाठ पडंल कुणाची तरी."

"आत्ता? आपला नंबर आलाय."

"नेम मोडून सही करू? घर लाभायचं न्हाई."

"मंग बसा गाडीवर. सोडतो, आन् घिऊन बी येतो."

"अनवाणी पायी जायचं बोललेय."

शुक्रवारी त्या कधी खोटं बोलल्या नव्हत्या. चपला काढून शंकररावांच्या पायाशी ठेवायला त्या वाकल्या आणि उठता उठता त्यांच्या कानाशी पुटपुटल्या, "ही बाई धुरपदा न्हाई. खरीला कोंडून ठेवलंय. मी कासुर्डीला चाललेय, ह्यांना इथनं हलू देऊ नका."

शंकररावांनी बायकोकडं पाहिलं नाही. हातातला कागद तेवढा त्यांनी पुन्हा उलगडला.

"रविराजशेठ, ते चतुःसीमेचं परत एकदा वाचा बरं. पूर्वेला कुणाचं घर म्हणालात?"

"आता किती येळा वाचू, साहेब? घर घेताय का कागद पाठ करताय?" रविराजनं जमिनीवरच्या चपलांकडं पाहिलं आणि तो निवांत झाला. "बरं, ऐका."

खंडू मात्र हसला नाही. तो शेवंताच्या मिटलेल्या मुठीकडं बघत होता.

प्रतिभाबाई फाटकाबाहेर पडल्या. डांबर तापलं होतं. कोपऱ्यापर्यंत त्या सावकाश चालल्या, देवळाला जाणारी बाई चालते तशा. तिथून वळल्या त्या थेट एसटी स्टँडकडं. स्टँडसमोरच्या खानावळीत त्यांनी दोन भाकरी आणि पिठलं बांधून मागितलं.

"सोबत कांदा देऊ का मावशी?"

"द्या," त्या म्हणाल्या. "आणि एक भाकर वाढीव."

पुण्याची गाडी लागलेली होती. खिडकीतून मोकळ्या मैदानापलीकडं, लांबवर कचेरीचं फाटक दिसत होतं. मघाशी तिथं खंडूची जीप उभी होती. आता नव्हती.

"कुठं मावशी?" कंडक्टरनं विचारलं.

"कासुर्डी. गाडी लवकर सुटंल का, दादा?"

त्यानं घड्याळाकडं पाहिलं आणि दोरी दोनदा ओढली. प्रतिभाबाईंनी भाकरी पदराखाली घेतल्या, निवू नयेत म्हणून.