तिघांतला एक

रात्रीच्या फेरीला येणाऱ्यांच्या बॅटरीवर लाल कागद लावून देतात, कारण पांढऱ्या उजेडाने जनावरं बिथरतात. प्राणिसंग्रहालयाच्या फाटकाशी नवऱ्याने आपल्या बॅटरीवरचा कागद नीट बसवला, मग बायकोच्याही बसवून दिला.

"अजूनही सांगतो, परत फिरू," तो म्हणाला.

ती रांगेत पुढे सरकली.

दिवसा ती दोघं येऊन गेली होती. तेव्हा बिबटे झोपलेले होते. तीन पिंजरे, तीन बिबटे, तिघंही पाय पसरून निवांत. या नवराबायकोच्या मुलीला बिबट्याने उचलून नेलं, त्यानंतर वस्तीभोवती लावलेल्या सापळ्यांत हे तिघं सापडले होते. नेमका कोणता, ते पकडणाऱ्यांनाही सांगता आलं नाही, म्हणून तिघांनाही जन्मठेप. झोपलेल्या जनावराचा राग करायचा तरी कसा, आणि तिघांतल्या कोणाचा? तिच्या डोक्याने एकच घेतलं होतं. अंधारात आला होता ना, मग अंधारातच बघायचा, जागा असताना. डोळ्यांत बघितलं की कळेल. नवऱ्याने समजावून बघितलं, शेवटी नाद सोडला आणि तिकिटं काढली.

गाईड पोट सुटलेला, बोलघेवडा गृहस्थ होता. "इथे बोलायचं फक्त मी," त्याने सुरुवातीलाच सांगून टाकलं. "घरी माझं कोणी ऐकून घेत नाही. पिंजऱ्यातली ही मंडळी ऐकतात, कारण जातील कुठे?" लोक हसले. मग त्याने तरस दाखवलं, साळिंदर दाखवलं, आणि सगळ्यांना बिबट्यांच्या कठड्याशी आणून उभं केलं.

फेरी असली की बिबट्यांचं खाणं मुद्दाम अडवून ठेवत, म्हणजे लोक येईपर्यंत ते भुकेने जाळीला अंग घासत येरझाऱ्या घालत. आताही तिघं तेच करत होते. ती कठड्याला पोट टेकवून उभी राहिली. पहिल्याकडे बघितलं, दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे, मग पुन्हा पहिल्याकडे. तिघांचे डोळे सारखेच होते. आणि तिच्याकडे एकाचंही लक्ष नव्हतं. रखवालदार मांसाची बादली घेऊन कोपऱ्यात उभा होता, तिघंही त्या बादलीकडे बघत होते.

"आता हा मधला नीट बघून घ्या," गाईडने आवाज खाली आणला. "हाच तो नरभक्षक. मध्यरात्री एका घरात शिरला. आई गाढ झोपलेली. तिच्या कुशीतून पोर उचललं, तरी बाईला पत्ता नाही. सकाळी बघते तर अंथरूण रिकामं."

नवऱ्याने चमकून तिच्याकडे बघितलं. मधला तर मधला. आणि आई झोपली होती म्हणतो, तर झोपली होती. झोपलेल्या माणसाला कोण काय बोलणार? पोर गेल्यापासून पहिल्यांदाच तिला छातीभर श्वास घेता आला.

खरं तर तेव्हा जेवणंही व्हायची होती. ती दुपारची भांडी घासत होती. कोंबड्यांच्या खुराड्याचं दार लावून ये, असं तिने मुलीला सांगितलं. मुलगी म्हणाली, अंधार आहे. "अंधार काय खातो तुला?" असं म्हणून तिने मुलीला पिटाळलं. नवरा आतल्या खोलीत होता. त्याने सगळं ऐकलं होतं. चौकशीला आलेल्यांना, नातेवाइकांना, शाळेतल्या बाईंना, सगळ्यांना त्याने एकच सांगितलं, की पोर खेळता खेळता बाहेर गेली. तिला मात्र तो त्याबद्दल चकार शब्द बोलला नाही. आज बोलेल, उद्या बोलेल, म्हणून ती रोज त्याच्या तोंडाकडे बघायची. तो जेवायचा, हात धुवायचा आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचा. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

"आई म्हणायची की कोण?" मागून एक बाई बोलली. "पोटचं पोर नेलं तरी जाग येत नाही?"

"मोबाईल बघत उशिरापर्यंत जागायचं, मग जाग कशी येणार?" तिच्या सोबतच्या माणसाने री ओढली.

"झोपली नव्हती ती."

नवऱ्याचा आवाज होता. सगळे वळले.

"उगाच काहीही बोलू नका. जागी होती. दिवसभर राबून पुन्हा कामालाच लागली होती. झोपा काढणारी बाई नाही ती. खुराड्याचं दार लावायला तिनेच पाठवलं पोरीला. पोर नको म्हणत होती, अंधार आहे म्हणत होती, तरी हिने..."

तिची बाजू घ्यायला म्हणून त्याने तोंड उघडलं होतं. पुढचं आपोआप बाहेर पडलं, आणि पडल्यावर त्याचं त्यालाच ऐकू आलं. तो थांबला. मागची बाई कठड्यापासून दूर झाली. गाईड एकदा नवऱ्याकडे, एकदा बायकोकडे बघत राहिला. मग घसा खाकरून म्हणाला, "चला, पुढे घुबडं आहेत." लोक खाली माना घालून त्याच्यामागे गेले.

रखवालदाराने मांस आत टाकलं. तिन्ही पिंजऱ्यांतून हाडं फुटल्याचा आवाज येऊ लागला.

"मला तसं म्हणायचं नव्हतं," नवरा म्हणाला.

"तसंच म्हणायचं होतं," ती म्हणाली. "बोललात एकदाचे."