इंजिनाला चिकटवलेली डबी

"ही डबी फक्त इंजिनाची थरथर ऐकते, नाखवा. बिघाडाची चाहूल आम्हाला आधीच लागेल," विद्यापीठाच्या मॅडम म्हणाल्या.

हिराजीने मान डोलावली, पण तो मनात म्हणाला, 'माझ्या पापलेटच्या जागा हुडकायचा डाव!'

मॅडमची पाठ वळताच त्याने ती डबी आपल्या बोटीवरून काढून अबोला धरलेल्या धाकट्या भावाच्या बोटीच्या इंजिनाला चिकटवली. कळू देत त्याच्या जागा जगाला!

आठवड्याने मॅडमचा फोन आला. "नाखवा, शाफ्ट तुटायला आलाय. इंजिन बंद करा!"

हिराजीची बोट तर समोर धक्क्याला बांधलेली होती. तो हसला आणि हसता हसताच चरकला. भावाची बोट समुद्रात होती.

त्याने वायरलेस उचलला. "पोशा, इंजिन बंद कर! शाफ्ट तुटतोय!"

इंजिनाच्या धडधडीतून उत्तर आलं, "आता हा कुठला नवा डाव, दादा?"