तीन दिवसांचं लिंबू

लिंबाला कोणी हात लावायचा नाही, हे सुनेने सोमवारीच बजावून ठेवलं होतं. आज गुरुवार. हिरव्या वाडग्याच्या तळाशी अर्धं लिंबू उपडं पडलं होतं. साल सुकून टणक झालेली. टेबलाभोवती तिघं अशी जमली होती, जणू ते लिंबू आता उठून बोलणार आहे.

"उचल की," नणंद म्हणाली. "महिनाभर घरात खायला लिंबू नाही. सगळी तुझ्या वाडग्यांना."

"चार वाजू देत. चारला ठेवलं होतं."

"पाच मिनिटांनी असं काय होणार आहे?"

"चार वाजणार आहेत."

सासरे, म्हणजे आबा, स्टुलावर बसून हातावरची वाळलेली माती खरवडत होते. घरच्या मातीच्या भांड्यांच्या कारखान्यातल्या सगळ्या बरण्यांवर त्यांचंच तपकिरी ग्लेझ, भट्टीत काचेसारखा होणारा लेप. तपकिरी दगा देत नाही, हे ते दिवसातून दोनदा ऐकवायचे. हिरवा देतो. हिरव्यात तांबं असतं. ते पक्कं बसलं नाही तर आंबट लागलं की सुटतं आणि खाणाऱ्याच्या पोटात जातं. लिंबाखाली फिकट कडं उमटलं की समजायचं, भांडं बाद.

खिडकीत आबांचा स्वतःचा एक जुना हिरवा वाडगा होता. आत मधोमध टक्कल पडल्यासारखा डाग. त्यात खिळे ठेवलेले असायचे. त्याच्याबद्दल कोणी विचारायचं नाही.

सुनेचे अकरा वाडगे बाद झाले होते. पाचवा तर तिने स्वतःच भिंतीवर आपटला होता, रागात. हा बारावा. भट्टीत तिला जागा मिळायची ती खालच्या कोपऱ्यात, जिथे आच धड पोचत नाही. मधल्या कप्प्यात सगळीकडून सारखी आच. तो आबांच्या बरण्यांचा. आत्ताही भट्टीचं दार उघडं होतं आणि मधला कप्पा उद्यासाठी भरून तयार होता.

"हे शेवटचं," आबा म्हणाले. "कडं दिसलं की हिरव्याचा विषय बंद. उद्यापासून बरण्यांना हात लावायचा. ठरलंय ना?"

"ठरलंय. आणि नाही दिसलं तर?"

"दिसणार."

"मी विचारलं, नाही दिसलं तर?"

"तर बघू."

चार वाजले. तिने लिंबू धरलं. चिकटलं होतं. जरासा पीळ दिला तेव्हा टक् करून सुटलं.

खाली कडं होतं. गोल, फिकट, बरोबर लिंबाच्या मापाचं.

नणंदेने मान फिरवली. आबा स्टुलावरून उठले. त्यांना आनंद झाला नव्हता, हे सुनेने पाहिलं. "सांगत होतो," एवढंच ते बोलले आणि वाडगा उचलायला हात पुढे केला. नजर खिडकीकडे, खिळ्यांच्या वाडग्याकडे.

"थांबा. हात नका लावू."

"आंधळे आहोत का आम्ही? दिसतंय ना कडं."

"तुम्ही कडं बघताय. जरा लिंबू बघा."

तिने लिंबू उलटं करून त्यांच्या नाकासमोर धरलं. कापलेली बाजू सुकून पिवळट झाली होती.

"आधीच्या अकराही लिंबांना हिरवट झाक आली होती. याला आहे? तांबं वाडग्यातून सुटलं, तर गेलं कुठे? पळून गेलं?"

आबांनी पुढे केलेला हात मागे घेतला.

तिने बादलीत फडकं बुडवलं, पिळलं आणि कड्यावरून फिरवलं. एकदा. मग जोर लावून परत.

कडं गेलं. फडक्यावर आलं, चिकट. खाली हिरवा होता. काठावर जसा, तसाच तळाशी.

"रस वाळला होता नुसता," ती म्हणाली.

नणंदेने नखाने तळ घासून पाहिला. मग बोटाने. "लिंबू कुठे होतं, आता सापडतही नाही."

आबांनी वाडगा उचलला आणि खिडकीशी गेले. जुना डाव्या हातात, नवा उजव्या. जुन्यातले खिळे खुळखुळले. बराच वेळ ते दोन्ही वाडगे उजेडात तिरपे करून बघत राहिले. मग जुना जागेवर ठेवला, माठाकडे गेले आणि नव्यात पाणी भरलं.

"आबा, धुऊन तरी घ्या," नणंद म्हणाली.

तोवर त्यांनी अर्धा वाडगा संपवला होता.

"आंबट लागतंय," ते मिशी पुसत म्हणाले. थोडं थांबून, सुनेकडे न बघता, "पुढच्या वेळेपासून भट्टीतला वरचा कप्पा तुझा."

"वरचा नको."

"मग?"

"मधला."

नणंदेने एकदम फडकं पिळायला बादलीत हात घातला. फडकं बादलीत नव्हतंच.

आबांनी उरलेलं पाणी सावकाश पिऊन टाकलं. वाडगा टेबलावर ठेवला, मधोमध. भट्टीपाशी गेले, मधल्या कप्प्यातली पहिली बरणी दोन्ही हातांनी बाहेर काढली आणि ती पोटाशी धरून वळले.

"तो तुझा खालचा कोपरा," त्यांनी विचारलं, "रिकामा आहे ना?"