पदरातला चौथा

पहूरहून सुटीला तिघंच निघाले: कुंदाबाई, मुलगा तेजस, सून कामिनी. तिघांनी प्रवास करू नये, म्हणून कुंदाबाईंनी केळीच्या बागेतला एक खडा चौथा म्हणून पदराला बांधला.

थीम पार्कातल्या उंच रोलर कोस्टरपाशी कामिनी म्हणाली, "आई, तुम्ही खालीच थांबा."

"जत्रेत जन्मभर तुमच्या बठ्ठ्यांच्या चपला राखल्या. आज मी बसणार!"

पुढच्या सीटवर त्या एकट्याच बसल्या. तरी ऑपरेटरने शेजारचाही दांडा लावला. "यांनाही घट्ट धरायला सांगा, आजी."

गाडी उतारावरून खाली झेपावली, तशा कुंदाबाई दोन्ही हात उंचावून हसत सुटल्या. खाली आल्या तेव्हा मागे तेजस पांढराफटक पडला होता.

"पुन्हा!" त्या गरजल्या.

पदर सावरताना हात गाठीला लागला. गाठ घट्टच होती. आत खडा नव्हता.

"पुन्हा!" शेजारच्या रिकाम्या सीटवरून कुणीतरी आनंदानं ओरडलं.