नखांतली हळद

गाइडमधलं वाक्य आणाल तर दिवसभर वर्गाबाहेर उभं करीन, असं नीलांबरी मॅडमनी कालच बजावलं होतं. घरातलीच दोन साधी वाक्यं इंग्रजीत लिहायची आणि ती जोडून एक मिश्र वाक्य करून आणायचं. कारण, जेव्हा, जरी, काय लागेल ते लावा. वाक्यं मात्र तुमची पाहिजेत.

नववीचा वर्ग कधी नव्हे तो कामाला लागला होता. रुद्रच्या आजोबांना कमी ऐकू येतं. त्यांच्या घरचा टीव्ही अख्खी गल्ली ऐकते. ही दोन वाक्यं त्यानं 'बिकॉज'नं बांधून आणली, तेव्हा मॅडमसुद्धा हसल्या. पुनमनं 'व्हेन' लावलं होतं, पण क्रियापद घरीच विसरली होती. मग प्रतिक्षा उभी राहिली.

"यंदा आमच्या शेतात हळद नाही. माझी नखं पिवळी आहेत," या अर्थाची दोन वाक्यं तिनं इंग्रजीत वाचली. मग 'ऑल्दो' लावून केलेलं एक वाक्य वाचलं. यंदा आमच्या शेतात हळद नसली, तरी माझी नखं पिवळी आहेत.

"गेली आसंल दुसऱ्याच्या रानात हळद काढाया," मागून रुद्र म्हणाला. पोरं हसली.

मॅडमनी वही घेतली. एक स्वल्पविराम राहिला होता, तो दिला. लाल पेनानं मोठी टिक केली, खाली 'छान' लिहिलं. 'ऑल्दो'चं वाक्य अख्ख्या वर्गात हिनंच आणलं होतं, त्याचा त्यांना मनापासून आनंद झाला.

मार्च महिना होता. कालव्याखालच्या या गावात हळद निघाली, शिजायला लागली, की माणसांच्या हातांपासून म्हशीच्या शिंगांपर्यंत सगळ्याला तिचा रंग लागतो. मॅडम बारा वर्षं हिंगोलीहून स्कूटीवर इथं येत होत्या. वह्यांच्या कोपऱ्यांवरचे पिवळे ठसे त्यांना आता दिसतसुद्धा नसत.

प्रतिक्षा बसली नाही.

"मॅडम, बराबर आहे का?"

"बरोबर आहे. बस."

"समदं बराबर आहे?"

"एकदा सांगितलं ना? बस आता."

ती बसली. मॅडम पुढच्या पोरीची वही तपासायला दोन बाकांमधून निघाल्या. प्रतिक्षानं मान खाली घातली होती आणि ओढणी खांद्यावरून घसरली होती. तिच्या कानामागं हळद होती. मानेवर, केसांच्या मुळाशी, घासून घासून लाल झालेल्या कातडीवरही पिवळं उरलं होतं.

मॅडम थांबल्या. कामाची हळद तळहातावर असते, बोटांवर असते, नखांत असते. कानामागं कुणी काम करत नाही.

त्यांनी वर्गाला पुढचा धडा मनात वाचायला सांगितला आणि प्रतिक्षाला हाताला धरून व्हरांड्यात आणलं. कधी आहे, एवढंच विचारलं. उंद्या सकाळी, ती म्हणाली. मांडव नाही, वाजंत्री नाही. मामाच्या गावाला नेऊन देवळात उरकायचं ठरलं होतं. हळद काल घरातच, दार लावून लावली. मग आज शाळेत कशी आलीस, असं मॅडमनी विचारलं.

"पप्पाच म्हनले, जाय. न्हाई गेलीस तर लोकं इचारतेल."

पंधरावं सरलं नव्हतं पोरीचं. मॅडमनी फोन काढला. ऑफिसच्या भिंतीवर असल्या लग्नाची खबर द्यायचा नंबर मोठ्या निळ्या अक्षरांत रंगवलेला होता. त्याच्याच खाली त्या रोज स्कूटी लावत. त्यांनी तो बघत बघत फोनवर दाबला. एक आकडा चुकला, पुन्हा दाबला. पलीकडे रिंग वाजायला लागली.

प्रतिक्षा वही छातीशी धरून उभी होती. रडत नव्हती. तेच मॅडमना जास्त लागलं.

"अगं, मला सांगायचं होतंस," फोन कानाला तसाच ठेवून त्या म्हणाल्या. "सांगितलं काहून नाहीस, लेकरा?"

प्रतिक्षानं त्यांच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता.

"सांगितलं की, मॅडम," ती म्हणाली. "तुमी टिक केली."